पाण्यात टाकण्याआधी थांबा

मालवणच्या घरी पेटीत सापडलेलं 1948चं गांधीजींचं 10 रुपयांचं तिकीट पावसाळ्यात कागदाला चिकटलंय, ते भिजवून सोडवू का, असं विचारलंय. कृपा करून भिजवू नका. मूळ गोंद गेला की कोऱ्या, म्हणजे न वापरलेल्या, तिकिटाची किंमत बरीच उतरते, आणि पुन्हा गोंद लावलेला तज्ज्ञ ओळखतातच. कडेच्या दात्यांच्या टोकांवर तो झिरपून सुकतो, टोकं कडक होतात. मूळ गोंद असलेल्या तिकिटात फाटलेल्या कागदाचे मोकळे तंतू तिथे दिसायला हवेत. तिकीट चिकटलंय तसंच, कागदासकट तज्ज्ञांकडे तपासायला पाठवा.

आधी घरीच 10 पट भिंगाखाली बघा. ही तिकिटं स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात फोटोग्राव्हूरने (कोरलेल्या सिलिंडरवरून छापण्याची पद्धत) छापली गेली. वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली, तर ती ऑफसेटची (हल्लीची नेहमीची रंगीत छपाई) नक्कल. तिकिटावर नंतर ‘सर्व्हिस’ (सरकारी वापरासाठी) असं छापलेलं असेल तर जास्तच सावध राहा: 10 रुपयांची अशी फक्त 100 तिकिटं निघाली, बनावट छापे मात्र भरपूर आहेत.

पुढची-मागची बाजू 600 डीपीआयवर स्कॅन करून ठेवा. लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटी या तिकीट संग्राहकांच्या संस्थेची तज्ज्ञ समिती तिकीट तपासून प्रमाणपत्र देते. पाठवण्याआधी शुल्क, विमा आणि कस्टमची कागदपत्रं विचारून घ्या. आधीच प्रमाणपत्र असलेलं तिकीट कोणी विकत असेल, तर प्रमाणपत्रावरच्या फोटोशी दातेन् दाते ताडून बघा. खऱ्या प्रमाणपत्रासोबत दुसरंच तिकीट गळ्यात मारतात.

तोवर ते सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुडीसह हवाबंद डब्यात उभं ठेवा.