मदत हवी आहे : लावलेल्या रानात किडे-कीटक कसे परततील?

नान्नजच्या बाजूला दोन एकर मुरमाड जमिनीवर 5 वर्षांपूर्वी हिवर, बोर, खैर लावले. झाडं जगली, पण खाली वाणी (पुष्कळ पायांचे लांबट किडे) नाहीत, शेणकिडे नाहीत, मृगात लाल मखमली किडेही दिसत नाहीत. फार वाईट वाटतं, कारण शेजारच्या जुन्या बांधावर दगड उचलला की गोम, विंचू, सगळं सापडतं.

फवारणी कधीच केली नाही. पाचोळा जाळणं थांबवलं, तर तो उन्हाळी वाऱ्यात उडून जातो. बाभळीचे ओंडके टाकले, ते सरपणाला गेले. पाणी टँकरचं, वणव्याच्या भीतीने पाचोळ्याचे मोठे ढीगही नकोत.

ओंडके अर्धे पुरले तर वाळवी रोपांवर चढेल का? आणि बांधावरची थोडी माती-पाचोळा आणून टाकावा, की नुसते दगड रचून वाट पाहावी?