मदत हवी आहे: शाळेच्या टॅबवर मराठी पुस्तकं नीट दिसत नाहीत (गणपतीच्या आत व्हायला हवं)

खाडीकाठ
शाळेला सहा टॅब मिळालेत. मुलांसाठी मराठी पुस्तकं घातली, तर निम्मी वाचताच येत नाहीत. अक्षर इतकं बारीक की मूल पान ताणून मोठं करतं, मग अर्धी ओळ पडद्याबाहेर जाते. ती सरकवून बघेपर्यंत आधीचं विसरतं आणि टॅब खाली ठेवतं. एका पुस्तकात तर मराठीच दिसत नाही, नुसती चिन्हं. तेच पुस्तक लॅपटॉपवर मात्र स्वच्छ दिसतं. टॅब गावातून मुंबईला गेलेल्यांच्या मंडळाने दिलेत. मंडळी गणपतीला येतील तेव्हा मुलांनी त्यांच्यासमोर वाचावं असं फार वाटतंय. काय करू? लवकर सांगा.

रातांबा
ताई, टॅब किती इंची, अँड्रॉइड कितवं, शाळेत नेट आहे का, मुलं कितवीची, पुस्तकं कुठून घेतलीत? यातलं काहीच लिहिलं नाहीत. आम्ही सांगणार तरी कशाच्या जोरावर?

नारळीपोफळी
माझं स्पष्ट मत, टॅब ठेवा कपाटात. या वयात हातात कागद हवा. मंडळाला सांगा, पुढच्या वर्षी पुस्तकांच्या पेट्या द्या.

ठाणेकर७२
टेलिग्रामवर ग्रुप आहेत. नवी-जुनी हवी ती मराठी पुस्तकं फुकट मिळतात. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जुना ग्रंथपाल
ठाणेकर, शाळेत हे नको. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं लेखनाचा हक्क (कॉपीराइट) त्याच्या वारसांकडे असतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 2011 पासून त्यांचं लेखन कुणीही मोफत देऊ शकतं. ते दापोली तालुक्यातल्या पालगडचे, म्हणजे तुमच्याच भागातले. विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात असं हक्कमुक्त लेखन आहे, तिथून घ्या. मुलांना पुस्तक देताना ते चोरून आणलेलं नसावं.

ठाणेकर७२
मग खेड्यातल्या मुलांनी फक्त 1950 च्या आधीचंच वाचायचं का?

रातांबा
तसं कशाला? प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ 2015 पासून चालू आहे. तिथे मराठी चित्रगोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि परवाना खुला आहे. उतरवा, वाटा, छापा, लेखक-चित्रकाराचं नाव तेवढं ठेवा. पहिलीतल्या मुलाला पानावर एकच ओळ असलेली गोष्टही सापडते. ताई, माझे प्रश्न तसेच आहेत.

खाडीकाठ
माफ करा, घाईत राहून गेलं. टॅब 7 इंची, वापरलेले, अँड्रॉइड 6. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी, पट 19. शाळा खाडीच्या अंगाला, तिथे रेंज अजिबात नाही. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर चढलं की येते. मी घरून लॅपटॉपवर उतरवून केबलने टॅबमध्ये घालते. सगळ्या पीडीएफ आहेत.

सह्यकडा
मग रास्पबेरी पाय घ्या. तळहाताएवढा संगणक, त्यावर किविक्स टाका, म्हणजे विकिपीडिया नेटशिवाय वाचायचं सॉफ्टवेअर. इंटरनेट नसतानाही तो स्वतःचं वायफाय सोडतो आणि मुलं आख्खा मराठी विकिपीडिया वाचतात. मी एका आश्रमशाळेत हे बसवून दिलंय. मुलं मधल्या सुट्टीतही सोडत नव्हती.

रातांबा
सह्यकडा, टॅब सहाच आहेत. किविक्सचं अ‍ॅप आणि फाइल थेट टॅबमध्येच टाकता येते. मधल्या पेटीला सतत वीज लागणार आणि कोकणात श्रावणात लाइटचा काय भरवसा? टॅब निदान रात्री चार्ज करून नेता येतो.

सह्यकडा
पॉवर बँकेवर चालतो तो. आणि सहा टॅबांत सहा वेळा फाइली भरायच्या, प्रत्येक बदलाला पुन्हा सहा वेळा. मला ते पटत नाही.

वल्हं
विषय थोडा वेगळा, पण कुणीतरी सांगा. आमच्या वाचनालयाच्या पुस्तकांना दर पावसाळ्यात बुरशी धरते. डांबरगोळ्या ठेवल्या, कडुलिंब ठेवला. वाचनालय सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या 'ड' वर्गात आहे, अनुदानात कपाटं बसत नाहीत.

जुना ग्रंथपाल
डांबरगोळीने कसर कमी होईल, बुरशी नाही. ती ओलाव्यावर वाढते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खालचा खण रिकामा ठेवा, उघडीप मिळाली की दारं उघडून वारा खेळू द्या. पुस्तकं उन्हात पसरू नका, कागद पिवळा पडून कडकतो. बुरशी धरलेलं पुस्तक आधी बाकीच्यांपासून वेगळं काढा, सुकलं की बाहेर अंगणात मऊ ब्रशने झाडा, नाकाला फडकं बांधून.

नारळीपोफळी
22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणात घराघरातली पुस्तकं लगदा झालेली बघितलीत मी. कागदाचा आग्रह धरते, पण ते विसरता येत नाही. प्रती दोन्हीकडे असाव्यात हे मान्य.

रातांबा
मूळ प्रश्नाकडे येऊ. पीडीएफ म्हणजे पानाचं चित्रच समजा. मोठ्या कागदासाठी मांडलेलं पान 7 इंचात बारीकच दिसणार. ईपब प्रकारात अक्षर मोठं केलं की ओळ आपोआप तुटून खाली येते. स्टोरीवीव्हरवर लॉगिन केलं की ईपबही उतरवता येतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफच राहतील, ती टॅब आडवा धरून वाचा. आपल्याकडच्या पीडीएफचं स्वतःच ईपब करायला जाऊ नका, जोडाक्षरं फुटतात. आता ते चिन्हांचं पुस्तक कुठलं? ते खरंच पीडीएफ आहे?

खाडीकाठ
नाही, आत्ता बघितलं, ती वर्डची फाइल आहे. पुस्तक म्हणजे छापलेलं नव्हे. आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींनी वाडीवाडीत बसून म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. चाळीस पानं. वह्या वाळवीने खाल्ल्या, आता उरलीय ती ही एवढी फाइल. ओव्या सांगणाऱ्या बायकांपैकी आता दोघीच आहेत. मंडळींसमोर मुलांनी हेच वाचावं असं मनात आहे.

जुना ग्रंथपाल
बाई, हे तुम्ही पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं!

रातांबा
फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेली असणार. त्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तुमच्या लॅपटॉपवर फाँट आहे म्हणून दिसतं, टॅबवर नाही म्हणून चिन्हं. उपाय दोन. आजच लॅपटॉपवर फाँटसकट पीडीएफ करा आणि मूळ फाइलची पेन ड्राइव्हवर आणखी एक प्रत ठेवा, म्हणजे हे हातचं जाणार नाही. मग फाँट कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत आणा. ते झालं की कुठल्याही टॅबवर उघडेल, त्यात शोधताही येईल. पण ओळ न् ओळ मूळ फाइलशी ताडून बघावी लागेल, रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकते.

खाडीकाठ
काल सड्यावर बसून केलं. दिसतंय! चिन्हं गेली. रफार खरंच सरकलेत, 'सूर्य'चा 'सूयर्' झालाय. चौथीतल्या एका मुलीने ते वाचलं आणि म्हणाली, बाई, हे असं नाहीये, माझी आजी ही ओवी म्हणते. आणि तिने ती आख्खी म्हणून दाखवली. स्टोरीवीव्हरच्या गोष्टीही घातल्या, पहिलीची मुलं स्वतःहून वाचतायत. आता चाळीस पानं तपासायची आहेत, आम्ही शिक्षक दोघंच. मदत मिळेल का?

जुना ग्रंथपाल
पहिली वीस मला व्यनि करा. लॅपटॉपवर उमटलेल्या मूळ पानांचे फोटोही पाठवा. ओव्यांतली बोली सुधारणार नाही, जशी आहे तशी ठेवीन.

नारळीपोफळी
उरलेली वीस मी घेते. पण झाल्यावर एक प्रत कागदावर काढा.