"आठ वर्षांची वॉरंटी आहे ना, मग रडता कशाला?" या पोस्टला उत्तर

मनीषनगरवाला
परवा गोपाळनगरकरांनी लिहिलं, "हायब्रिडच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते. तरी जे रडतात त्यांनी एकतर बाहेर काम करून घेतलेलं असतं, नाहीतर सर्व्हिसिंग चुकवलेलं असतं." त्याखाली लोकांनी भराभर अंगठे दिले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझी स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोठी बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी गाडी, २०२३ ची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण गाडीशी नाही, वॉरंटीच्या कारभाराशी आहे. एकही सर्व्हिसिंग बाहेर नाही, एकही चुकवलेलं नाही. मागच्या नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हात, बुटीबोरीहून नागपूरला येताना खापरीच्या अलीकडे 'हायब्रिड सिस्टिम तपासा' असं डॅशबोर्डवर आलं, एसीतून गरम वारा यायला लागला, गाडी ओढेना. मागे आई बसलेली. ती पदराने वारा घेत होती आणि मी टोईंगवाल्याला फोन लावत होतो.

सर्व्हिस सेंटरमध्ये सल्लागाराने मागच्या सीटजवळची जाळी काढून आतला फिल्टर माझ्या हातात दिला. उसवलेल्या गादीतल्या कापसासारखा राखाडी थर, त्यात सीट कव्हरचे धागे. म्हणाला, "हा तुमचा निष्काळजीपणा, वॉरंटीत बसत नाही." मी विचारलं, मग सर्व्हिसिंगला हा साफ होत नाही का? तर म्हणे, "सांगावं लागतं सर." साफ करायचे पैसे घेतले आणि गाडी दिली. नऊ दिवसांनी पुन्हा तोच दिवा. मग रिपोर्ट कंपनीकडे, मग मंजुरी, मग पार्ट यायचा. दोन्ही वेळा मिळून ४३ दिवस. बॅटरी फुकट बदलून मिळाली, हे मी नाकारत नाही. पण आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्या ४३ दिवसांच्या टॅक्सीचे पैसे कोणत्या वॉरंटीत बसतात? बदलून देऊ असं वॉरंटीच्या पुस्तकात लिहिलंय, किती दिवसांत ते त्या पुस्तकात कुठेही नाही.

गोपाळनगरकर
बॅटरी फुकट मिळाली हे तुम्हीच लिहिलंत, म्हणजे माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात. हवेची जाळी झाकू नका, साफ ठेवा, हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. आपल्याकडे लाखांची गाडी घेतात आणि पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढत नाहीत. माझी हायब्रिड ९० हजारांच्या पुढे गेली, एक दिवा लागलेला नाही. टोयोटाची हायब्रिड प्रियस जपानात १९९७ साली आली, पुढे जगभर टॅक्सीवाल्यांनी ती लाखो किलोमीटर पळवली. तंत्र खराब असतं तर त्यांनी वापरलं असतं का? चार लोकांच्या रडगाण्यामुळे नवीन घेणारा घाबरतो, त्याचा मला राग आहे.

बुटीबोरी_अपडाउन
कोणी ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलबद्दल का बोलत नाही? माझं मायलेज पडलंय. बॅटरीवर लोड त्यामुळेच येत असणार. आणि आम्ही घेतली तेव्हा इलेक्ट्रिकला ५ टक्के जीएसटी, हायब्रिडला सेस धरून ४३ टक्के. एवढा कर भरून वर हे ऐकायचं?

वाडीचा_वायरमन
भाऊ, पेट्रोल आन् बॅटरीची गल्लत करू नका. मायलेजचं वेगळं भांडा, या दिव्याशी त्याचा संबंध नाही.

आता बाकीच्यांनी आयका. मी दहा वर्षं झाले हेच काम करून राहिलो. अशा बॅटऱ्या गाडीच्या आतलीच हवा ओढून थंड होतात. बाहेर ४५ डिग्री असली का उन्हात उभी गाडी आतून साठच्या वर जाते. त्यात फिल्टर चोंदला का पंखा नुसता घोंघावते, हवा काही जात नाही. कंप्युटर आधी बॅटरीचं काम कमी करते, मंग दिवा लावते. इथपर्यंत गोपाळनगरवाले बरोबर हाय.

पण फिल्टर साफ केल्यावर नऊ दिवसांत पुन्हा दिवा, म्हणजे बॅटरीतला एखादा ब्लॉक, म्हणजे सेलचा गट, आधीच बसलेला होता. दुसऱ्या पिढीच्या प्रियसचं पॅक पाहा, २८ मॉड्यूल, एकेकात ६ सेल, सगळे मिळून २०१.६ व्होल्ट. सगळे एका रांगेत जोडलेले. एक कमजोर पडला का बाकीचे चांगले असूनही गाडी बसते. स्कॅनरवर बिघाडाचा कोड बहुतेक पी०ए८० येते, म्हणजे हायब्रिड बॅटरी खराब. पहिल्याच दिवशी स्कॅनर लावून, गाडीवर लोड देऊन एकेका ब्लॉकचं व्होल्टेज पाहिलं असतं तर तिथंच समजलं असतं. ते पाहिलं का, हे विचाराले पाहिजे होतं.

कधी कधी तर मोठ्या बॅटरीले काही झालेलंच नसते. बारा व्होल्टची लहान बॅटरी उतरली का मोठ्या बॅटरीले जोडणारा रिले (स्विच) ओढत नाही, गाडी रेडीवर म्हणजे चालायच्या तयारीत येत नाही, आन् लोक समजतात का लाखाचा खर्च आला. आधी तिचं व्होल्टेज पाहा. तिची वॉरंटी वेगळी असते, कमी असते. आन् जास्त व्होल्टेजच्या नारिंगी वायरले घरी हात लावू नका. मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग हातमोजे घालून काढल्यावरही कॅपेसिटरमधला साठलेला करंट उतरेपर्यंत दहा मिनिटं थांबावं लागते.

गोपाळनगरकर
म्हणजे फिल्टर हे कारण होतंच ना.

मनीषनगरवाला
कारण असेल, पण मग तीन सर्व्हिसिंगची बिलं मी कशाची भरली? प्रत्येक बिलावर 'एअर फिल्टर क्लीन' आहे. तो इंजिनचा की बॅटरीचा, हे मी गाडीखाली झोपून पाहायचं होतं का?

डागा_लेआउट
तुमची गाडी निदान कोरडी होती. आमची २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे बुडाली. अंबाझरी तलाव ओसंडला, चार तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस. मी जिन्यात उभी होते. खाली पाण्यात आमच्या गाडीचे इंडिकेटर आपोआप लुकलुकत होते आणि मग एकदम विझले. गाडी सव्वा वर्षाची.

वॉरंटी विचारली तर म्हणाले, पाणी शिरलं, संपलं. ठीक आहे, ते मला समजतं. विम्याकडे गेलो. सर्व्हेअरने हायब्रिडच्या बॅटरीवर सरळ ५० टक्के घसारा लावला. म्हणे पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी एकाच ओळीत आहेत. तीन-चार वर्षांत बदलायची बारा व्होल्टची बॅटरी आणि आठ वर्षांची वॉरंटी असलेलं पॅक यांना एकच नियम! झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) असतं तर वाचलो असतो, पण दुसऱ्या वर्षी एजंटच म्हणाला की काढून टाका, हप्ता कमी होईल. हे कोणी कोणाला सांगत नाही, म्हणून लिहिते आहे. नूतनीकरण करताना हायब्रिडवाल्यांनी ती एक ओळ बघाच.

आणि पाणी का शिरलं? आमच्यासमोर सिमेंट रोड केला तेव्हा तो गेटपेक्षा फूटभर वर गेला. अर्ज दिले, कोणी आलं नाही.

गोपाळनगरकर
ताई, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं. पण पाणी तलावातून आणि नाग नदीतून आलं, त्याचं खापर सिमेंट रोडवर नको. डांबराचे होते तेव्हा दर पावसाळ्यात खड्डे मोजत जावं लागायचं.

डागा_लेआउट
तुम्ही त्या पहाटे इथे होतात का? तलावाचं पाणी आलं, मान्य. पण ते लवकर का उतरलं नाही? रस्ता वर, घरं खाली. आमच्या अंगणात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी होतं आणि रस्ता कोरडा. शेजारच्या आजींचा फ्रिज तरंगत दाराशी येऊन अडकला होता. गोपाळनगरात बसून आम्हाला भूगोल शिकवू नका.

बुटीबोरी_अपडाउन
ताई बरोबर बोलून राहिल्या. आमच्या गल्लीत कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं. दोन वर्षांत झाड वाळलं, तिसऱ्या वर्षी वादळात पडलं. गाडी लावायची सावली गेली. आता मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात. बॅटरी तापणार नाही तर काय होईल?

गोपाळनगरकर
आता झाडं आली. उद्या वॉरंटीत सावलीही मागा.

डागा_लेआउट
मागू. ज्या शहरात २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ वर गेला, तिथे गाडी विकताना सावलीचा विचार करायला नको? आमच्या जखमेवर असं बोलताना जरा भान ठेवा.

गोपाळनगरकर
ते वाक्य तुम्हाला उद्देशून नव्हतं. तरी लागलं असेल तर मागे घेतो. सिमेंट रोडबद्दल माझं मत तेच आहे.

कोर्टाची_पायरी
रस्त्यांचं वेगळं लिहा, तिथेही येतो. मूळ प्रश्नाचं सांगतो. मी ग्राहक आयोगात वाहनांची प्रकरणं पाहतो.

गोपाळनगरकर म्हणतात, बाहेर काम केलं की वॉरंटी गेली. इतकं सोपं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला आणि सांगितलं की ग्राहक बाहेरच्या गॅरेजमध्ये गेला एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. कंपन्या अपिलात गेल्या, ते वेगळं. मात्र बाहेरच्या माणसाने गाडीची वायर कापून हॉर्न जोडला आणि त्यातूनच बिघाड झाला, तर तो भाग तुमच्या अंगावर येतो.

तक्रार करायची तर गाडी कुठेही घेतलेली असो, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. ५० लाखांपर्यंत दिलेली किंमत जिल्ह्यातच बसते. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,०००. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून आधी नोंद करा, पुष्कळदा तिथेच हालचाल होते.

पण आयोगासमोर सगळं जॉबकार्डवर, म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटर तक्रार लिहितं त्या कागदावर, ठरतं. मनीषनगरवाले, तुमच्या पहिल्या जॉबकार्डवर तक्रार काय लिहिली आहे?

मनीषनगरवाला
आत्ता कपाटातून काढून पाहिलं. 'एसी कूलिंग कमी. जनरल चेकअप.' हायब्रिडचा, दिव्याचा शब्दही नाही. मी सही केली आहे. आईला घरी पोहोचवायची घाई होती, वाचलंच नाही.

कोर्टाची_पायरी
म्हणजे कागदोपत्री तुमचा बॅटरीचा बिघाड नऊ दिवस उशिरा सुरू झाला. टोईंगची पावती आणि दिव्याचा फोटो असेल तर जपून ठेवा, त्यावर तारीख असते.

मनीषनगरवाला
फोटो आहे. आईनेच मागून काढला होता, हललेला आहे, पण दिवा दिसतो.

वाडीचा_वायरमन
आन् स्कॅन रिपोर्टची प्रिंट मागायची. गाडी दाखवली ती आपण, पैसे भरले ते आपण, मंग रिपोर्ट पाहाले काय हरकत हाय?

गोपाळनगरकर
जॉबकार्ड आपल्या शब्दांत लिहून घ्यावं, एवढं मला पटलं. किती दिवसांत दुरुस्ती हे पुस्तकात हवं, हेही ठीक. पण म्हणून हायब्रिड घेऊच नये, हे मान्य नाही.

मनीषनगरवाला
असं मी कुठे लिहिलं? पुढची गाडीही मी हायब्रिडच घेईन. माझं म्हणणं आहे की पैसे मोजलेल्या वॉरंटीसाठी आईला ४३ दिवस टॅक्सीची वाट पाहायला लागू नये.

गोपाळनगरकर (दुसऱ्या दिवशी)
सकाळी मागच्या सीटची जाळी काढून फिल्टर पाहिला. मागच्या महिन्यातल्या सर्व्हिसिंगच्या बिलावर 'फिल्टर क्लीन' आहे. बोट फिरवलं तर थर निघाला, आणि तो एका महिन्याचा नाही. उद्या बिल घेऊन जातो.

वाडीचा_वायरमन
भाऊ, फिल्टर साफ करून नेऊ नका. जसा हाय तसाच बसवा, आन् तिथं त्यांच्यासमोर काढा.