शब्दचर्चा : ‘विरोधी रंगपेशी’ हा शब्द योग्य आहे का?

प्रश्न (पुणे) :
सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातील चेतापेशी रंगाचे संकेत कसे हाताळतात, या विषयावरील एका मराठी लेखाचे संपादन मी सध्या करीत आहे. प्रकाश टिपणाऱ्या शंकू पेशी व दंड पेशी आणि त्यांचे संकेत पुढे नेणाऱ्या द्विध्रुवी पेशी हे शब्द रुळलेले आहेत. अडचण आहे ती तांबड्या प्रकाशाने उत्तेजित होणाऱ्या आणि हिरव्या प्रकाशाने शांत होणाऱ्या पेशींच्या नावाची. मसुद्यात त्यांना ‘विरोधी रंगपेशी’ म्हटले आहे, तर एका सहकाऱ्यांनी ‘पूरक रंगपेशी’ सुचवले आहे. शालेय विज्ञानापुढे जीवशास्त्र न शिकलेला वाचक डोळ्यांसमोर आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

पहिला प्रतिसाद :
‘पूरक’ आधी बाजूला ठेवावा. जे दोन प्रकाश मिसळल्यावर पांढरा प्रकाश दिसतो त्यांच्या रंगांना पूरक रंग म्हणतात. ती संज्ञा मिश्रणाची आहे, पेशीच्या वागण्याची नाही. ‘विरोधी’ अर्थाच्या जवळ जातो, परंतु ‘समाजविरोधी’ या शब्दाच्या सवयीने वाचक ‘रंगाला विरोध करणारी पेशी’ असा अर्थ लावील, आणि तसे काही तेथे घडत नाही.

घडते ते असे. एकटी शंकू पेशी रंग सांगू शकत नाही, कारण तिच्यावर मंद पिवळा प्रकाश पडला काय किंवा प्रखर निळसर हिरवा पडला काय, तिने शोषलेल्या प्रकाशाचे प्रमाण सारखे असेल तर तिचा प्रतिसादही सारखाच असतो. माणसाच्या डोळ्यात शंकू पेशींचे तीन प्रकार आहेत आणि ते साधारण ४२०, ५३० व ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यांच्या संकेतांची तुलना पुढील थरांतील पेशी करतात, आणि ती एका संकेतातून दुसरा वजा करून होते. म्हणून मी ‘विरुद्धप्रतिसादी पेशी’ सुचवीन : एका प्रकारच्या शंकूंच्या संकेताने उत्तेजित होणारी, दुसऱ्या प्रकारच्या संकेताने दबणारी. शब्द लांब आहे हे मान्य, पण तो चुकीच्या वाटेने नेत नाही.

या कल्पनेचे मूळ जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी १८७० च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतात आहे : तांबडा-हिरवा आणि निळा-पिवळा या परस्परविरोधी जोड्या असून एका जोडीतील दोन रंग एकाच ठिकाणी एकत्र भासत नाहीत. मराठी रंगशब्दांतही त्याचा पडताळा मिळतो. लक्ष्मी रस्त्यावर साडी घेताना ‘मोरपिशी’ म्हटले की निळा आणि हिरवा एकत्र डोळ्यांपुढे येतात. ‘हिरवट पिवळा’, ‘निळसर जांभळा’ हेही आपण सहज म्हणतो. एकाच ठिकाणी तांबडा आणि हिरवा दोन्ही भासणाऱ्या रंगासाठी मात्र शब्द सापडत नाही.

दुसरा प्रतिसाद :
‘विरुद्धप्रतिसादी’ मला पटतो, पण शेवटच्या विधानाला हरकत आहे. आंब्याच्या कोवळ्या पालवीला आपण ‘तांबूस हिरवी’ म्हणतोच की.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर :
हरकत रास्त आहे. पालवी कोवळी असताना तांबूस असते आणि जून होताना हिरवी होते. मधल्या अवस्थेत दोन्ही छटा एका पानावर शेजारी-शेजारी दिसतात, आणि जेथे त्या मिसळतात तेथे पान मातकट तपकिरी दिसते. ‘तांबूस हिरवी’ हे पानाचे वर्णन म्हणून अचूक आहे. मोरपिशीत जसे निळेपण आणि हिरवेपण एकाच बिंदूत जाणवते, तसे तेथे होत नाही.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. हेरिंग यांच्या तांबडा-हिरवा आणि निळा-पिवळा या जोड्या डोळ्यातील पेशींच्या मोजलेल्या प्रतिसादांशी तंतोतंत जुळत नाहीत. दीर्घ आणि मध्यम तरंगलांबीच्या शंकूंची वजाबाकी करणाऱ्या पेशींचा अक्ष गुलाबीसर तांबड्यापासून निळसर हिरव्याकडे जातो. ‘लाल शंकू’ हा शब्दही त्याच कारणाने टाळावा, कारण ५६० नॅनोमीटरचा एकरंगी प्रकाश आपल्याला पिवळसर हिरवा दिसतो. दीर्घतरंगी, मध्यमतरंगी आणि लघुतरंगी शंकू ही नावे सुरक्षित आहेत.

लेखाचा विषय ‘सस्तन प्राणी’ असा आहे म्हणून हेही तपासावे : बहुतेक सस्तनांत शंकूंचे दोनच प्रकार असतात, त्यामुळे कुत्र्याला तांबडा-हिरवा हा भेद आपल्यासारखा करता येत नाही. दीर्घ-मध्यम तुलना ही काही वानरवर्गीयांची आणि माणसाची आहे. लघुतरंगी शंकूंच्या संकेताची इतर शंकूंच्या संकेताशी होणारी तुलना उत्क्रांतीत त्याहून जुनी. माकडाच्या दृष्टिपटलात ती करणारी एक वेगळी गुच्छिका पेशी (दृष्टिपटलातून मेंदूकडे संकेत नेणारी पेशी) १९९४ मध्ये डेनिस डेसी आणि बॅरी ली यांनी दाखवून दिली. तिचे तंतू दोन थरांत पसरलेले असल्याने तिला ‘लहान द्विस्तरी’ म्हणता येईल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :
आभारी आहे. पहिल्या उल्लेखात ‘विरुद्धप्रतिसादी पेशी’ अर्थासह देऊन पुढे तोच शब्द ठेवतो, शंकूंची नावे तरंगलांबीवरून घेतो, आणि माकड व माणूस यांना लागू असलेली वाक्ये सर्व सस्तनांना लागू आहेत असे वाचकाला वाटू नये म्हणून त्यांचा वेगळा परिच्छेद करतो.