आपण परतल्यावर त्या पेशंटचं काय? ग्वाटेमालातल्या माया गावांच्या शिबिरांचे अनुभव

ग्वाटेमालाच्या डोंगराळ पट्ट्यात किचे, काक्चिकेल, माम, इशिल बोलणाऱ्या माया गावांत दात आणि औषधोपचाराच्या शिबिरांना आपल्यापैकी बरेच जण जाऊन आलेत. त्यांनी इथे मनमोकळं लिहावं. किती पेशंट तपासले, किती दात काढले, हे आकडे नकोत. एखादा माणूस, एखादा प्रसंग सांगा. आणि तुम्ही परतल्यावर त्या माणसाचं पुढे काय झालं हे ठाऊक असेल तर तेही नक्की लिहा. मला हा प्रश्न बरीच वर्षं छळतोय, म्हणून हा धागा.

सुरुवात मीच करते. मी दातांची डॉक्टर. एल किचे विभागातल्या एका गावात शाळेच्या वर्गातच आमचा दवाखाना होता. भिंतीला टेकवलेली प्लास्टिकची खुर्ची, कपाळावर बांधलेल्या बॅटरीचा उजेड आणि थुंकायला बादली. मी इंग्रजीत विचारायचे, एक मुलगी ते स्पॅनिशमध्ये सांगायची आणि गावातली आरोग्यसेविका किचेमध्ये. उत्तर त्याच वाटेने उलटं यायचं. "दुखतं का?" एवढ्यालाच मिनिट जायचं.

आठ वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. खालच्या दाढेत खड्डा. आई म्हणाली, दुधाची आहे, पडेल. पण ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षी येणारी ही पहिली कायमची दाढ दुधाच्या दातांच्या मागे, रिकाम्या हिरडीत उगवते. तिला जागा द्यायला कुठलाच दात पडत नाही. मग ती कायमची आहे हे घरच्यांना कळणार कसं? त्या दिवशी कितीतरी पोरांच्या तोंडात हीच दाढ पोखरलेली होती.

कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नव्हती, म्हणून मी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं. ड्रिल नाही, भुलीची सुई नाही. दाढ कोरडी करायची, थेंबभर औषध चोळायचं आणि थोडं थांबायचं. बहुतेक वेळा कीड तिथेच थांबते. २०२१ पासून हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. मात्र किडलेला भाग कायमचा काळा पडतो. आदल्या वर्षी हे नीट न सांगता मी एका लहान मुलाच्या पुढच्या दातांना ते लावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची आई धावत आली, पोराचे दात जाळले म्हणून. चूक सर्वस्वी माझी होती. आता मी आधी काळ्या पडलेल्या दातांचा फोटो दाखवते आणि आई हो म्हणाली की मगच बाटली उघडते.

त्याच दुपारी माझ्याच वयाची एक बाई आली. पुढचे चारही दात काढा म्हणाली. दोन वाचण्यासारखे होते. मी तसं सांगितलं, तर तिने विचारलं, "तुम्ही गेल्यावर दुखले तर मी कुठे जाऊ?" मी दोन काढले, दोन ठेवले. त्या दोन दातांचं काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

*

मी फिजिशियन. पहिल्यांदा ज्या गटाबरोबर गेलो, तिथे ब्लडप्रेशरच्या पेशंटला महिन्याच्या गोळ्या देऊन पाठवायचे. मीही दिल्या. पुढच्या वर्षी त्याच गावात एक आजोबा आले. खिशातून रुमाल काढला, त्यात गोळ्यांची रिकामी पट्टी जपून ठेवलेली. "संपल्या. मग तुमची वाट बघितली." अकरा महिने! गावापासून चालत तासाभरावर सरकारी आरोग्यकेंद्र होतं, तिथल्या नर्सला आम्ही एका शब्दाने कळवलं नव्हतं. केसपेपर आमच्या खोक्यांतून आमच्याबरोबरच परत गेले होते. तो गट मी सोडला.

आता जातो ते वर्षभर तिथे काम करणाऱ्यांच्या हाताखाली. बीपी, शुगरच्या प्रत्येक पेशंटची चिठ्ठी त्या भागातल्या नर्सकडे जाते, आणि जी गोळी तिथे पुढे मिळणार नाही ती मी सुरूच करत नाही. हा विचार काही नवा नाही. ग्वाटेमालातल्याच चिमाल्तेनांगोला डॉ. कॅरोल बेहरहॉर्स्ट या अमेरिकन डॉक्टरांनी १९६२ पासून काक्चिकेल गावकऱ्यांनाच आरोग्यसेवक म्हणून तयार केलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगातले जे मोजके प्रयोग लोकांपुढे ठेवले त्यांत हा होता, आणि रजनीकांत व मेबल आरोळे यांचं आपलं जामखेडही होतं.

अजून एक. बायकांचा खोकला आला की पाहुणा डॉक्टर पटकन सिरप लिहितो. आधी विचारा, चूल कशी आहे? खिडकी नसलेल्या खोलीत तीन दगडांवर पेटवलेली लाकडं असतील तर सिरपने काय होणार? सान मार्कोसच्या माम गावांत चिमणीच्या चुली देऊन मोठा अभ्यास झाला. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, त्यात बाळांमधला गंभीर न्यूमोनिया कमी झालेला दिसला.

*

फार्मासिस्ट आहे, एकच सांगते. पोरांसाठी अँटिबायोटिकची पावडर देताना "खुणेपर्यंत पाणी घाला, हलवा, फ्रिजमध्ये ठेवा" असं मी तोंडपाठ म्हणत होते. शेवटी दुभाषाच हळूच म्हणाला, फ्रिज नाहीये, आणि ओढ्याचं पाणी चालेल का? तेव्हापासून शक्य तिथे पाण्यात विरघळणारी गोळीच देते, आणि पाकिटावर सूर्य-चंद्र काढते. आणि मुदत संपत आलेली औषधं बॅगेत भरून नेऊ नका, हात जोडून सांगते. निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी.

*

जाणाऱ्यांनी तिथला इतिहास वाचून जावं असं मला मनापासून वाटतं. १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकन सरकारच्या डॉक्टरांनी ग्वाटेमालात कैदी, सैनिक आणि मनोरुग्णांना त्यांच्या संमतीशिवाय सिफिलिस, गनोरियाचा संसर्ग करवला. हे उघड झालं २०१० मध्ये, सुझन रेव्हर्बी या इतिहासकार बाईंनी जुनी कागदपत्रं धुंडाळल्यावर. मग अमेरिकेने माफी मागितली. त्या प्रयोगांनंतर, १९६० ते १९९६ या काळात चाललेल्या यादवीत दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, त्यांत बहुसंख्य माया. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सुई बघून विचारलं, "यात काय आहे, आणि माझं नाव कशाला लिहून घेताय?" आमच्यातलं एक जण म्हणालं, किती शंकेखोर! मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला. मी बाटली त्यांच्या हातात दिली, नातवाने लेबल वाचून दाखवलं. त्याला दहा मिनिटं लागली, लागू देत.

*

मी नर्स, इशिल बोलणाऱ्या नेबाज गावाच्या बाजूला होते. तिथल्या सुईणीला कोमाद्रोना म्हणतात. पहिल्या दिवशी आम्ही तिला दाराबाहेर बसवलं होतं, याची आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी आठवा महिना लागलेली एक पोर तिच्याशिवाय आत यायलाच तयार होईना. सुईणबाईंनी आधी आपले तळवे शालीत चोळून गरम केले, मग पोटावर ठेवले. डोळे मिटून चाचपलं, आणि वर फासळ्यांखाली बोट टेकवून म्हणाल्या, डोकं इथे. सोनोग्राफीत तेच निघालं, बाळ पायाळू. दिवस भरत आल्यावरही ते फिरलं नाही, तेव्हा हॉस्पिटलला नेताना पिकअपमध्ये तिच्याबरोबर बसल्या त्या सुईणबाईच. इशिल आणि स्पॅनिश दोन्ही येणारं माणूस तिथे दुसरं नव्हतं. बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचा निरोप मला पाच आठवड्यांनी मिळाला.

*

पुन्हा मीच, दातांची डॉक्टर. सगळ्यांचं वाचून काल जुने निरोप उघडले. ती किचे बोलणारी आरोग्यसेविका आता स्वतः औषध लावते, आम्ही असो वा नसो. दर सहा महिन्यांनी शाळेत जाते आणि पोरांना फळ्याजवळ उजेडात उभं करते. चौरेघी वहीत एकेका मुलासाठी एकेक ओळ. तिने पाठवलेल्या पानावर ती आठ वर्षांची पोर सापडली, आता दहाची. नावापुढे दाढेचा नंबर ४६ (म्हणजे खालची उजवी, तीच पहिली कायमची दाढ), चार तारखा, चार बरोबरच्या खुणा, आणि शेवटच्या रकान्यात स्पॅनिशमध्ये दोन शब्द: काळी, टणक.