फोन चार्ज होत नाही? आपापला अनुभव लिहा

राळेगाव तालुका, जि. यवतमाळ (धागा सुरू करतोय)

बाबांनी शेजारच्या काकांच्या फोनवरून फोन केला. "रातभर लावून ठेवतो, सकाळी पाहतो तं बारा टक्के. आता हा फोन कामाचा राह्यला नाई." कापूस घरात छातीएवढा भरून पडला होता. यंदा सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी लागते आणि ओटीपी येतो तो याच फोनवर. शनिवारी सुट्टी होताच मी गावी निघालो.

जाऊन पाहतो तर केबलला रबर गुंडाळलेलं, खाली टेकू म्हणून काडीपेटी, आणि फोन देवळीत एका ठरावीक कोनातच ठेवायचा. जरा हलला की चार्जिंग बंद. तालुक्याच्या एका दुकानात आत न पाहताच "पिन गेली, बोर्ड टाकावा लागते" असं सांगितलं होतं.

मी टॉर्च मारून पाहिलं. छिद्र साफ दिसत होतं, तळ काळपट. पण माझी नवी केबल लावली तर ती पुरती आत जाईना, नखाच्या जाडीएवढी फट राहिली. मग फोन बंद केला, अगरबत्तीची खालची बांबूची काडी ब्लेडने तासून पातळ केली आणि कडेकडेने हळू ओढत गेलो. आधी मळकट धूळ आली. मग जे निघालं ते पाहून आई धावत आली. रुईचा घट्ट दाबलेला थर, तुरीच्या डाळीएवढा. वेचणीच्या दिवसांत फोन बाबांच्या बंडीच्या खिशात असतो, तंतू आत जातात, आणि दररोज रात्री आपण पिन खुपसून तेच तंतू तळाशी ठासतो. जो तळ मी पाहत होतो, तो तळ नव्हताच. नंतर पिन लावली तेव्हा 'टक' झालं. तो आवाज बाबांनी कित्येक महिन्यांनी ऐकला.

आपल्या भागातलं ऊन, कापूस, वीज यांचा त्रास फोनला वेगळाच होतो. तुमच्याकडे काय झालं, काय केलं आणि काय करायला गेल्यावर बिघडलं, तेही लिहा.

धारणीकडची अंगणवाडी सेविका, मेळघाट

दादा, आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. घरी सोलरचा कंदील आहे, त्याला फोन लावायचं छिद्र आहे. मला वाटायचं फोनच खराब झाला, कारण दिवसभर लावूनही अर्धा होत नसे. शेवटी भाच्याने हिशोब करून दाखवला. कंदिलातून जेमतेम अडीच वॅट येतात. माझी बॅटरी 5000 एमएएचची, म्हणजे साधारण 19 वॅट-तास. काहीही वाया न जाता भरायची म्हटली तरी आठ तास लागतात, प्रत्यक्षात दहा धरा. फोन चांगला होता, मीच घागर थेंबाने भरत होते.

दुसरं कारण रेंजचं. इथे टॉवर लांब आहे. रेंज नसली की फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि त्यातच आलेली वीज खर्च होते. आता कंदिलाला लावताना विमानाचं चिन्ह चालू करते. तेवढ्याने फरक डोळ्याला दिसतो. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर लेकरांची माहिती भरायची असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी हे न चुकता करते, कारण मधेच फोन बंद पडला तर वजनं-उंच्या पुन्हा भरत बसावं लागतं.

अकोट तालुका, शेतकरी

माहा अनुभव लाइनीचा हाय. मले वाटे, व्होल्टेज कमी हाय म्हणून फोन चार्ज होत नाई. पंखा घुरघुर करे, मोटर उचले नाई, मंग फोन कसा होईन? पोट्यानं चार्जर उलटा करून वाचून दाखवला. त्याच्यावर लिहेल हाय 100 ते 240 व्होल्ट. म्हणजे घरात दीडशे आले तरी चार्जरले चालते. खोट निंगाली आमच्या बोर्डात. सॉकेटातल्या पितळी पट्ट्या ढिल्या झाल्या होत्या. चार्जर लोंबकळे अन् कान लावला तं आतमंदी चरचर आवाज ये. फोन घडीत चार्जिंग दाखवे, घडीत बंद. नवं सॉकेट बसवलं, फोन बरा झाला. चार महिने मी फोनले शिव्या देत होतो.

अजून एक सांगतो, हे ध्यानात ठेवा. पावसाळ्यात डीपीवरची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची तार तुटली. घरातले बल्ब एकदम लख्ख झाले अन् फुटले. आमच्या गल्लीत जेवढे चार्जर सॉकेटात खोसेल होते, सारे जळाले. एका घरी फोनही गेला. तवापासून वारा सुटला, आभाळ गडगडलं, की म्या चार्जर काढून खुंटीले टांगतो. बटन बंद करून भागत नाई राजेहो, काढाच.

मोबाइल दुरुस्ती, तालुक्याचं गाव, जि. यवतमाळ

धागा काढणाऱ्या भाऊंनी जे केलं ते बरोबर केलं. दिवाळीपासून ते होळीपर्यंत माझ्या काउंटरवर 'चार्जिंग होत नाही' म्हणून जे फोन येतात, त्यात रुई ठासलेलेच जास्त. जिनिंगमधल्या कामगारांचे तर दर महिन्याला येतात. साफ करून देतो, घेतले तर वीस-तीस रुपये घेतो. पण सगळेच फोन तसे नसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टाइप-सीच्या छिद्रात मधोमध एक पातळ पट्टी असते. तिच्यावर वरच्या बाजूने 12 आणि खालच्या बाजूने 12 अशा 24 पिना असतात, केसासारख्या बारीक. तिला धक्का लावायचा नाही. काडी फिरवायची ती पट्टी आणि भिंत यांच्यातल्या फटीत, आणि कचरा आत ढकलायचा नाही, बाहेर ओढायचा. माझ्याकडे सुई, टाचणी, सेफ्टी पिन घालून आणलेले फोन येतात. पट्टी वाकलेली, दोन पिना एकमेकींना चिकटलेल्या, कधी शॉर्ट होऊन आतली आयसी, म्हणजे चिप, गेलेली. वीस रुपयांचं काम हजारावर जातं आणि मलाच वाईट वाटतं. तोंडाने फुंकूही नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

साफ करूनही होत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी केबल, मग चार्जर, मग सॉकेट. तिन्ही एकदम बदलले तर चोर कोण ते कळत नाही. चोर बहुतेकदा केबलच असते. पिनेजवळ रोज वाकून आतल्या तारा तुटतात, वरचं रबर मात्र शाबूत दिसतं. जलद चार्जिंगच्या फोनला साधी केबल लावली की फोन चार्ज होतो, पण रेंगाळत. त्याला बिघाड म्हणू नका.

छिद्रात हिरवट डाग दिसला तर मात्र घरी काही करू नका. घाम, पाऊस किंवा फवारणीच्या पंपाची गळती आत गेली आणि तसंच चार्जिंगला लावलं, तर पिनांवर हिरवा गंज चढतो. आम्ही आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि ब्रशने साफ करतो. पेट्रोल किंवा अत्तर टाकून बघणारे आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, करू नका.

आता बोर्डाचं. बऱ्याच फोनमध्ये चार्जिंगची पिन खालच्या छोट्या वेगळ्या बोर्डावर असते, त्याला आम्ही सब-बोर्ड म्हणतो. तो अख्खा बदलता येतो. पण बोलायचा माइकही बहुधा त्याच बोर्डावर असतो. स्वस्त डुप्लिकेट बोर्ड टाकला की चार्जिंग सुरू होतं आणि समोरच्याला आवाज जात नाही, किंवा जलद चार्जिंग कायमचं जातं. म्हणून दुकानातून उठण्याआधी दोन गोष्टी करा. एक कॉल लावून बोला, आणि घरचा चार्जर लावून बघा. जुना बोर्ड मागून घ्या. प्रामाणिक कारागीर तो द्यायला का-कू करत नाही.

वरोरा, जि. चंद्रपूर

आमचा शत्रू मे महिना. पारा 45च्या वर असतो आणि पत्र्याखाली खोली त्याहून तापते. गेल्या नवतपात फोन दुपारी चार्जच होईना. लावला की तापमानाचा इशारा येऊन बंद. मी चार्जर बदलला, केबल बदलली, पैसे गेले. रात्री दहानंतर तोच फोन त्याच जुन्या केबलवर नीट चार्ज झाला. लिथियमची बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर भरू नये असं असतं, म्हणून फोन स्वतःच हात आखडता घेतो. आता पहाटे चार्ज करतो, मागचं कव्हर काढून, मातीच्या जमिनीवर ठेवून. गादीवर आणि उशीखाली कधीच नाही.

घरात सगळे फोन कूलरवर ठेवायचे. ते मी बंद केलं. लोखंडी कूलरमध्ये करंट उतरल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. ओल्या हाताने तिथला चार्जिंगचा फोन उचलणं म्हणजे जिवाशी खेळ. भाऊजींनी एकदा गरम फोन फ्रिजमध्ये ठेवला होता. बाहेर काढल्यावर आत दव धरलं आणि 'ओलावा आहे' असा इशारा दिवसभर जाईना.

साकोली, जि. भंडारा

आमच्याकडे कापूस नाही, धान आहे. रोवणीच्या वेळी आईच्या कमरेचा फोन बांधीतल्या चिखलात पडला. कुणीतरी सांगितलं तांदळात ठेवा. तांदळाला आमच्या घरी काय तोटा! अख्ख्या पिंपात दोन दिवस पुरला. फोन सुरू झाला, पण चार्जिंग होईना. दुकानात काढलं तेव्हा छिद्रात वाळलेला चिखल होताच, त्यावर कोंडा बसलेला आणि कणीचा एक तुकडा अडकलेला. कारागीर म्हणाला, तांदूळ आतलं पाणी ओढत नाही. पुसून, बंद करून, छिद्र खाली करून पंख्याच्या वाऱ्यात ठेवला असता आणि लगेच आणला असता तर बोर्ड वाचला असता. आईने वर्षभर साठवलेल्या पैशांतून बोर्ड टाकला. हे वाचून एकाचा तरी फोन वाचावा म्हणून लिहिलं.

तिवसा, जि. अमरावती (बारावी)

माझा फोन 80 टक्क्यांवर येऊन थांबायचा. बॅटरी गेली समजून बाबांनी नवीन बॅटरीची चौकशीपण केली. सेटिंगमध्ये बॅटरी संरक्षण चालू झालेलं होतं, ते 80ला थांबवतं. बंद केलं, 100 झालं. आता मुद्दाम परत चालू ठेवलंय, त्याने बॅटरी जास्त दिवस टिकते.

पुसद

आजीच्या फोनचं मागचं झाकण एका कोपऱ्यातून उचललं होतं. चार्जिंग पटकन 100 होई आणि तासाभरात 20. आम्ही झाकण दाबून वरून चिकटपट्टी लावली, आणि असा फोन आजी उशाशी घेऊन झोपायची. बॅटरी फुगली होती. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. काढलेली बॅटरी शेकोटीत किंवा उकिरड्यावर टाकू नका, लेकरं खेळतात तिथे. दुकानदाराकडेच द्या.

धारणीकडची सेविका (पुन्हा)

दुरुस्तीवाल्या दादांना एक विचारते. आमच्या आठवडी बाजारात साठ रुपयांचा चार्जर मिळतो. त्यावर फोन लावला की स्क्रीन आपोआप नाचते, बोट एकीकडे ठेवावं तर अक्षर दुसरीकडेच उमटतं. फोन खराब झाला का?

मोबाइल दुरुस्ती (उत्तर)

नाही ताई, फोन चांगला आहे. त्या चार्जरमधून स्वच्छ वीज येत नाही, म्हणून स्क्रीनला बोट कुठे आहे ते कळत नाही. चार्जर काढला की लगेच नीट चालतो ना? मग खात्री झाली. तो चार्जर वापरू नका, आणि फेकण्याआधी त्याच्या पिना मोडा, म्हणजे दुसरं कुणी उचलून लावणार नाही. नवा घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि त्याखाली 'आर'ने सुरू होणारा नंबर पाहा. तो नंबर 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकला की कोणत्या कंपनीचा आहे ते निघतं. नुसती खूण छापणारेही आहेत, म्हणून नंबर तपासाच. दोनशे रुपये जास्त जातील, पण त्या फोनमध्ये गावातल्या साऱ्या लेकरांची नोंद आहे.

राळेगाव तालुका

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अकोटच्या काकांचं वाचून काल आमच्या घरची सॉकेटं तपासली. देवळीजवळचं एक काळं पडलेलं निघालं, बदललं. आईने जुन्या लुगड्याची झाकणवाली पिशवी शिवली आहे. वेचणीला जाताना बाबा फोन त्यात घालतात, छिद्र खालच्या बाजूला ठेवून. शेजारचे काका त्यांचाही फोन घेऊन आले होते, त्यातूनही रुईच निघाली.

आज सकाळी बाबांचा फोन आला, त्यांच्या स्वतःच्या फोनवरून. "ओटीपी आला. बुधवारी गाडी भरतो."