काहिलीवर धरलेले इन्फ्रारेड थर्मामीटर खरे तापमान का दाखवत नाही?

प्रश्न : वारणाकाठ (शिराळा तालुका)

आमचे वारणेच्या काठी घरचे गुऱ्हाळ आहे. काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी कढई, कधी उतरवायची हे आजवर आमचे गुळवे मामाच ठरवत आले आहेत. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून त्याची बोटांनी गोळी वळायची, ती भांड्याच्या काठावर आपटून आवाज ऐकायचा आणि मग हात वर करायचा, ही त्यांची पद्धत. मामा आता सत्तरीला आले आहेत आणि त्यांच्यामागे हे काम अंगात असलेला दुसरा कोणी नाही, म्हणून यंदा हंगामाच्या सुरुवातीला मी बंदुकीसारखे हातात धरायचे इन्फ्रारेड थर्मामीटर विकत आणले. त्यावर ५५० अंशांपर्यंत मापता येते असे लिहिले आहे.

अडचण अशी की घट्ट गुळाचा पाक ११५ ते ११८ अंशांच्या दरम्यान उतरवावा असे सर्वत्र वाचायला मिळते, परंतु मामांनी हात वर केला त्या क्षणी माझे यंत्र कधी १०१, कधी ९६, तर एकदा चक्क ८८ दाखवत होते. त्याहून चमत्कारिक म्हणजे काहिलीची बाहेरची, काजळीने काळी झालेली कड ११०च्या वर दिसते आणि आतली घासून लखलखीत झालेली कड साठीच्या आसपास, जेव्हा दोन्हींमध्ये बोटभरही अंतर नाही. यंत्र परत करावे की माझेच काही चुकते आहे? मामांच्या मते यंत्राला सर्दी झाली आहे.

प्रतिसाद : कुपवाड एमआयडीसी, गुणवत्ता विभाग

यंत्र परत करण्याची घाई करू नका. आपण वर्णन केलेल्या तिन्ही गोष्टी चांगल्या यंत्राकडूनही घडतात, आणि मामांचे निदान तर बरेचसे बरोबर आहे.

हे यंत्र वस्तूच्या पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण, बहुधा ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे, भिंगातून गोळा करते आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडते. म्हणजे त्याला दिसते ती फक्त वरची कातडी. आतल्या पाकाशी त्याचा संबंध नाही. लाल लेझरचा ठिपका केवळ नेम धरण्यापुरता असतो, तो काहीही मापत नाही.

आता काहिलीकडे पाहा. उकळत्या पाकावर फेस असतो आणि तो खालच्या पाकापेक्षा गार असतो. त्यावर वाफ दाटलेली असते, आणि आपल्याला पांढरी दिसणारी वाफ म्हणजे पाण्याचे बारीक थेंबच असल्यामुळे पाकातून निघालेले किरण ती वाटेतच शोषते व स्वतःचे कमी तापमान यंत्राच्या पदरात टाकते. शिवाय तीच वाफ भिंगावर जमली की आकडा आणखी घसरतो. आपले ८८ बहुधा तिथूनच आले असावे. सर्दी म्हणजे तरी दुसरे काय?

कडेचे कोडे वेगळे आहे. एकाच तापमानाचे सर्व पृष्ठभाग सारखेच किरण सोडत नाहीत. या गुणाला उत्सर्जकता म्हणतात आणि स्वस्त यंत्रांत ती ०.९५ धरून पक्की बसवलेली असते. काजळी, पाणी, पाक, रंग दिलेले लोखंड, माणसाची त्वचा हे सारे त्या आकड्याच्या जवळ बसतात, म्हणून बाहेरच्या काळ्या कडेने खरे सांगितले. घासलेला चकचकीत धातू मात्र स्वतःचे किरण थोडे सोडतो आणि आरशासारखे आजूबाजूचे परतवतो. यंत्राने तुम्हाला निम्मी काहील आणि निम्मे छप्पर मापून दिले. यंत्रात उत्सर्जकता बदलण्याची सोय असली तरी चकचकीत धातूवर तिचा फारसा भरवसा धरू नये. त्या जागी काळा मंद रंग देऊन त्यावर मापणे बरे. वायरमनची काळी चिकटपट्टीही चालते, पण ती साधारण ८० अंशांपर्यंतच टिकते, तेव्हा काहिलीला ती लावू नका.

माझे स्पष्ट मत असे की पाक उतरवण्याचा निर्णय या यंत्रावर सोपवू नये. लांब दांड्याचा, टोक पाकात बुडणारा थर्मोकपल, म्हणजे धातूच्या टोकाने तापमान मापणारा थर्मामीटर, घ्या आणि त्याचे टोक तळाला टेकणार नाही असे धरा. आणखी एक बारकावा आहे, जो सहसा कोणी सांगत नाही. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. सांगली साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणून इकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. महाबळेश्वरला तर साडेपंच्याण्णवलाच. त्यामुळे पुस्तकातले ११५ ते ११८ आपल्याकडे दोन अंशांनी खाली येतात. आधी त्याच थर्मोकपलने साधे उकळते पाणी मापा आणि त्यावर १५ ते १८ अंश मिळवा.

यंत्र बरे आहे की नाही हे घरी तपासता येते. मोठे भांडे बारीक फोडलेल्या बर्फाने काठोकाठ भरा, बर्फ भिजेल इतकेच पाणी घाला, ढवळून दोन मिनिटे थांबा आणि वरून जवळून मापा. शून्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे आले तर ठीक. उकळत्या पाण्यावर मात्र ही परीक्षा घेऊ नका, कारण वाफ तिथेही आडवी येतेच.

प्रतिसाद : साताऱ्याचा वाचक

एकच भर घालतो. करोनाच्या काळात घरोघरी आलेले कपाळाचे थर्मामीटर दिसायला असेच असते, परंतु ते ३२ ते ४३ अंशांच्या पलीकडे मापत नाही. उलट आपल्या यंत्राने कोणाचा ताप पाहू नये. एक-दोन अंशांची चूक काहिलीला चालते, आजारी माणसाला चालत नाही.

प्रतिसाद : तासगाव, बेदाण्याचे शीतगृह

आमच्याकडे ही यंत्रे रोज वापरात असतात, त्यामुळे देखभालीविषयी लिहितो. भिंग ही त्याची सर्वांत नाजूक जागा आहे. पुष्कळ यंत्रांत ते प्लास्टिकचे असते आणि सदऱ्याच्या टोकाने पुसल्यास त्यावर चरे पडतात. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन हलक्या हाताने फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. थिनर किंवा पेट्रोल चुकूनही लावू नका. गुऱ्हाळात चिपाडाची राख आणि रसाचे शिंतोडे असणार, तेव्हा झाकण नसल्यास घरीच एक टोपी करून घ्या.

दुसरी गोष्ट अशी की यंत्राला स्वतःलाही भोवतालच्या हवेशी जुळायला वेळ लागतो. आम्ही थंड खोलीत शिरल्याबरोबर मापले तर आकडे भरकटतात. वीस-तीस मिनिटे थांबावे लागते. बाहेर येताना ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणतो, नाहीतर भिंगावर दव धरते. तुमच्याकडे उलट होत असेल : चुलाणाशेजारी ठेवलेले यंत्र स्वतःच तापून बसते. शिवाय आम्हालाही खोक्याचे तापमान कळते, आतल्या बेदाण्याचे नाही. त्यासाठी सळईचाच थर्मामीटर खुपसावा लागतो.

हंगाम संपला की सेल काढून ठेवा. आमचे पहिले यंत्र मी तसेच कपाटात टाकले होते. सहा महिन्यांनी उघडले तेव्हा सेल पाझरून आतल्या पत्र्या हिरव्या पडल्या होत्या आणि दुरुस्तीसाठी नेले त्याने ते हातात धरण्याचीही तसदी घेतली नाही.

वारणाकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. बर्फावर यंत्राने ०.८ दाखवले, म्हणजे त्याचा दोष नव्हता. थर्मोकपल आणले, साधे पाणी ९८ वर उकळले आणि काल मामांनी हात वर केला तेव्हा दांडी ११५ दाखवत होती. त्याच क्षणी बंदूक १०१ म्हणत होती. आजच्या दोन्ही आधणांना आकडा तोच आला. मामांनी तो मेढीवर कोळशाने लिहून घेतला आणि गोळी मात्र नेहमीप्रमाणे वळलीच.

बंदूक आता दोन कामांसाठी ठेवली आहे. वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या उथळ हौदात, ओतलेला पाक घोटताना त्यावर फारशी वाफ नसते, तेव्हा तो किती निवला हे ती नीट सांगते; आणि चरकाच्या बेअरिंगची टोपी गरम होते का, हे चालत्या यंत्राला हात न लावता कळते. माझ्या यंत्राचे प्रमाण बारास एक आहे, म्हणजे १२० सेंटिमीटरवरून ते १० सेंटिमीटरचे वर्तुळ पाहते आणि ती टोपी त्याहून लहान आहे. त्यामुळे सुरुवातीला मी लांबून टोपीबरोबर भिंतही मापत होतो. आता दोन वितींवरून मापतो. टोपी लखलखीत होती, तिच्यावर काळ्या पट्टीचा तुकडा चिकटवला आहे. यंत्र टांगायचा चुलाणाजवळचा खिळा काढून टाकला.